अरवाची अमानत

शरफुन्निसाला कुणाला नाही म्हणता येत नाही, असं सौदीतल्या बुरैदा गावातल्या तिच्या ओळखीच्या बायका म्हणतात. तिचा नवरा शौकत म्हणतो की तिला कुणी नाही म्हटलेलं ऐकूच येत नाही. दोघांचंही खरं आहे, आणि ही सगळी हकिगत या दोन सवयींमुळेच घडली.

बाई मूळची बाणकोटच्या खाडीकाठची. शौकत बुरैद्यात खजुराच्या एका मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये कूलिंगची मशिनं सांभाळतो. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, वगैरे सगळं जमल्यावर त्याने बायकोला आणि तेव्हा मांडीवर असलेल्या लाइबाला इकडे आणलं. घरमालकाच्या गच्चीवरच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्या, खाली मालकाचं कुटुंब. मालकीणबाईंना सगळे उम्म नबील म्हणतात, म्हणजे नबीलची आई. इथे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. पहिल्याच हिवाळ्यात उम्म नबीलचा मखमली झगा बाहीत उसवला आणि लग्नसराईमुळे कुठलाच शिंपी तो हातात घेईना. शरफुन्निसाने तो वर मागवला. मखमल तिने जन्मात शिवली नव्हती. कापड मशीनखाली सरकायचं, टाका वाकडा पडायचा, ती उसवायची आणि पुन्हा घालायची. जमत नाही म्हणून सांगून टाक, त्यात काय एवढं, असं शौकत म्हणाला. ती हाताने बारीक टाके घालत बसली. झगा खाली गेला तेव्हा कुठे उसवला होता ते उम्म नबीलला सापडेना. तेव्हापासून खालच्या घराचं, आणि हळूहळू शेजारपाजारचंही, सगळं शिवणकाम वर यायला लागलं, आणि त्या कामापायी शरफुन्निसा मोडकंतोडकं का होईना, अरबी बोलायला शिकली.

उम्म नबीलची धाकटी मुलगी अरवा. शाळेत असताना ती शरफुन्निसाच्या मशीनशेजारी बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची आणि तिला खाला म्हणायची. खाला म्हणजे मावशी, त्यांच्याकडेही आणि आपल्याकडेही. गेल्या वर्षी अरवाला मदिनेच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. जायच्या आदल्या संध्याकाळी ती वर आली ती एक पिंजरा घेऊनच. आत मुठीत मावेल एवढं राखाडी जनावर होतं. नाकापासून पाठीपर्यंत काळा पट्टा, मोठाले काळे डोळे, आणि हातापायांच्या मधे सैल कातडीची घडी. नाव लोज, म्हणजे बदाम. हॉस्टेलात जनावर चालत नव्हतं, आणि उम्म नबीलचं म्हणणं असं की उंदराला कितीही छान नाव दिलं तरी तो उंदीरच, आपण त्याला हात लावणार नाही.

"खाला, ही माझी अमानत," अरवा म्हणाली. "ईदला घेईन परत."

अमानत या शब्दाला अनुवाद लागला नाही. शरफुन्निसाच्या वडिलांकडे गलबतावर जाणारे खलाशी आपल्या चीजवस्तू ठेवून जात. एकाने ठेवलेली काचेची बरणी मांजराने पाडली, तेव्हा वडिलांनी तिचा तुकडा न् तुकडा कापडात बांधून ठेवला आणि मालक परतल्यावर आधी ते गाठोडं त्याच्यापुढे ठेवलं, मग चहा विचारला. ठेवलेली वस्तू आहे तशी परत द्यायची, आणि काही झालं तर तोंड लपवायचं नाही, हे ती घरात पाहतच वाढली होती. तिने पिंजरा दोन्ही हातांनी घेतला.

हे जनावर काय आहे याबद्दल तिच्या मनात मुळीच शंका नव्हती. त्याच रात्री तो पडद्याच्या दांड्यावरून हातपाय पसरून तरंगत सोफ्यावर उतरला, तेव्हा ती खूश झाली. ही तर आपली उडती खार. तिच्या माहेरी दिवेलागणीला फणसावरून आंब्यावर अशीच झेप घ्यायची. ती चांगली मांजराएवढी, ही पिटुकली, एवढाच काय तो फरक. बारावीतल्या लाइबाने मोबाइलमध्ये बघून सांगितलं की अम्मी, ये गिलहरी नहीं है, ये तो कांगारू का रिश्तेदार है, ऑस्ट्रेलियाचा, याच्या मादीला पोटाला पिशवी असते.

"तुजा मोबाइल कधी आमच्या आंब्याखाली उभा राहिला होता काय?" शरफुन्निसाने विचारलं. लाइबाने खांदे उडवले आणि ती अभ्यासाला गेली.

अरवाने खाण्याच्या कोरड्या गोळ्यांची पिशवी दिली होती, आणि त्याला गोड फार आवडतं एवढं जाता जाता सांगितलं होतं. त्या गोळ्या पाहून शरफुन्निसाला वाईट वाटलं. घरी आलेल्या जिवाला कुणी असलं खायला घालतं का? आणि तेही ऐन खजुराच्या मोसमात, जेव्हा पहाटेपासून बाजारात सुक्करी खजुराच्या गाड्याच्या गाड्या उभ्या असतात आणि शौकत रोज डबाभर घरी घेऊन येतो? माहेरची खार आंबे खायची, फणस खायची. ही बुरैद्यातली, ही खजूर खाईल. लोज दोन्ही हातांत तुकडा धरून असा काही चाटायचा की बघत राहावं. केळं, मध, आंब्याचा रसही सुरू झाला. गोळ्यांची पिशवी कपाटात मागे गेली. कोकणातल्या बाईला खाऊ घालायचं वेड असतं आणि बुरैद्यातल्या घरात खजूर नको म्हणायची सोय नसते. बिचारा लोज या दोन्हींच्या तावडीत सापडला.

थंडी पडली तसा लोज सुस्तावला. हवेमुळे असेल, असं तिला वाटलं. मग एका संध्याकाळी तिने पिंजरा उघडला आणि तो बाहेर आला तो पुढच्या दोन हातांवर अंग ओढत. मागचे पाय चिंधीसारखे फरपटत होते.

"अवो," तिने शौकतला हाक मारली, "ह्याचे पाय बघा. काय झाला ह्याला?"

जनावरांचा डॉक्टर सुदानी होता. उंट आणि ससाणे बघण्यात त्याची हयात गेली होती, पण लोजलाही त्याने तितक्याच शांतपणे तपासलं. तो खातो काय, हे त्याने विचारलं. शरफुन्निसाने सगळं सांगितलं, आणि खरं तर जरा अभिमानानेच सांगितलं. सुक्करी खजूर, तोही निवडक. डॉक्टरने हातातलं पेन खाली ठेवलं. लाइबा त्याचं बोलणं समजावून देत होती. नुसत्या गोडावर राहिल्यामुळे शरीराने चुना हाडांतून ओढून घेतला होता आणि हाडं ठिसूळ झाली होती. हा खारीच्या जातीचा नाही, याला किडे लागतात, अंडं लागतं. शिवाय हा कळपाने राहणारा प्राणी, एकटा पडला की आणखी खचतो. डॉक्टरच्या मते आता त्याला इंजेक्शन देऊन शांत झोपवणं बरं. पुन्हा चढेल याची आशा फार थोडी होती.

शरफुन्निसाला एवढी लाज कधी वाटली नव्हती. लाइबा काही महिन्यांपूर्वी हेच सांगत होती आणि आपण तिला आंब्याच्या झाडाची गोष्ट ऐकवली. ज्या हाताने भरवलं त्याच हाताने मारलं, असं तिला वाटलं आणि ती तिथेच रडली. डॉक्टर थांबला. रडून झाल्यावर तिने दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि सांगितलं की हा तिचा नाही, अमानत आहे, तेव्हा त्याला झोपवायची परवानगी देणारी ती कोण? औषध द्या. डॉक्टरने कॅल्शियमचे थेंब दिले, वरून टाकायची पूड दिली, आणि हाडं धरेपर्यंत त्याला अजिबात चढू देऊ नका असं बजावलं.

गाडीत शौकतने हळूच सुचवलं की त्याच्या कामावरचा एक मल्याळी दर पंधरवड्याला रियाधला जातो. तिथल्या पक्ष्यांच्या बाजारात असले प्राणी मिळतात. हुबेहूब असाच आणता येईल. मुलगी इतक्या महिन्यांनी येणार, तिला काय कळतंय. शौकत लबाड माणूस नाही. बायकोला रडताना बघून त्याला सुचलेला हा उपाय होता.

"मना नको," ती म्हणाली. "बरणी फुटली तर तिचे तुकडे दाखवायचे. दुसरी बरणी ठेवायची नाय."

घरी येऊन तिने बुरखाही न काढता अरवाला आपल्या तुटक्या अरबीत आवाजी निरोप पाठवला. लोजचे पाय गेलेत. चूक माझी आहे. मी त्याला चुकीचं खायला घातलं. मला ईदपर्यंत वेळ दे. अरवाचं उत्तर यायला पुरता दिवस गेला, आणि त्या दिवशी शरफुन्निसाने एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली. उत्तर आलं तेव्हा अरवाचा आवाज घोगरा होता. ती चिडून बोलली नाही, पण खालाही म्हणाली नाही. ईदपर्यंत थांबते, म्हणाली. तोवर तो उभा राहिला नाही तर डॉक्टर म्हणतात तसं करू, त्याला असं फरपटत ठेवायचं नाही.

त्या दिवसापासून शरफुन्निसाने कंबर कसली. पिंजरा गच्चीवर गेला आणि लोज खजुराच्या बसक्या खोक्यात, मऊ कापडावर आला. अंडं उकडायचं, त्याचं कवच मिक्सरमधून पिठासारखं काढायचं, बिनसाखरेच्या दह्यात कालवायचं. लोज तोंड फिरवायचा. गोडाला चटावलेल्या जिवाला ते रुचेना. तो नाकतोड्यासारखा कर्रकर्र आवाज करून तिला शिव्या द्यायचा, आणि तीही त्याला बाणकोटी बोलीत परतफेड करायची. बोटावर कणभर घेऊन, त्याच्या ओठाला लावून, तो चाटेपर्यंत बसून राहायचं. चाटलं की पुन्हा कणभर.

किड्यांचं मात्र जड गेलं. पक्ष्यांच्या दुकानात वळवळणाऱ्या अळ्या मिळायच्या. पहिल्या दिवशी डबा उघडला आणि शरफुन्निसा किंचाळून पलंगावर चढली. लाइबा हसून हसून लोळली. दुसऱ्या दिवशी बाईंनी भुवया सुधारायचा चिमटा घेतला, डोळे अर्धे मिटले आणि एक अळी उचलली. आठवड्याभरात ती एका हाताने फोनवर बोलत दुसऱ्या हाताने अळ्यांवर पूड भुरभुरवायला लागली.

कळपाने राहणारा प्राणी, हे डॉक्टरचं बोलणं तिच्या मनात घर करून बसलं होतं. कळप कुठून आणायचा? तिने आपली धुऊन धुऊन मऊ झालेली सुती मॅक्सी फाडली आणि तिची लहानशी पिशवी शिवली. आत शिवण टोचू नये म्हणून कडा दुमडल्या, वर नाडी घातली. पिशवी गळ्यात, दुपट्ट्याखाली. लोज दिवसभर तिच्यात झोपायचा आणि ती मशीन चालवायची. मादीला पिशवी असते ना, मग मीच मादी, असं ती लाइबाला म्हणाली. माप द्यायला आलेल्या एका बाईच्या समोर दुपट्टा हलला आणि त्यातून गुलाबी नाक बाहेर आलं. ती बाई पुन्हा आलीच नाही.

उम्म नबीलला हे सगळं आधी वेडेपणाचं वाटलं. उंदरासाठी कुणी गळ्यात झोळी घालतं का, असं ती तोंडावर म्हणाली. पण रोज जिना चढून यायला लागली. गुडघे दुखायचे तिचे, तरी यायची. वसंतात इथल्या बाजारात टोळ विकायला येतात, लोक ते उकडून आवडीने खातात. एका दुपारी उम्म नबील जाळीच्या पिशवीत जिवंत टोळ घेऊन आली. तिच्या भावाने फवारा न मारलेल्या रानातून धरून आणले होते. निम्मे आम्हाला, निम्मे त्याला, म्हणाली. त्याला, म्हणाली, उंदराला नव्हे. शरफुन्निसाने ते ऐकलं आणि तिच्यापुढे गावठी पद्धतीचा आल्याचा चहा ठेवला.

पाय मात्र हलत नव्हते. शौकत रोज कामावरून आला की आधी तिच्या तोंडाकडे बघायचा आणि मग बूट काढायचा. मग एकदा झग्याच्या गळ्याचं माप घेताना तिने खांद्यावरची टेप ओढली, तर ती येईना. खाली बघितलं. पिशवीतून बाहेर आलेल्या मागच्या पायाने टेपची कड धरून ठेवली होती, बारीक बोटांनी, घट्ट. ती तशीच उभी राहिली. समोरच्या बाईने हात पसरलेलेच ठेवले. शेवटी तिने विचारलं की काय झालं, तेव्हा शरफुन्निसाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

त्या संध्याकाळी शौकत खजुराच्या झावळीचे दांडे घेऊन आला आणि ते तासत बसला. त्यातून लोजसाठी वीतभर उंचीची शिडी तयार झाली. डॉक्टरने परवानगी दिल्यावर ती खोक्यात उभी राहिली, खाली गादी. लोज एक दांडा चढायचा आणि पडायचा. दोन चढायचा आणि पडायचा. शरफुन्निसा मशीनवरून बघायची, उचलायला जायची नाही. ऊठ, एवढंच म्हणायची.

रमजान आला. सूर्यास्ताला मगरिबची बांग झाली की घरात खजुराची ताटली यायची, आणि नेमकी तीच लोजची जागं व्हायची वेळ. वास आला की तो शिडीवरून मान लांब करून असा काही आवाज काढायचा की शौकतला घास गिळवेना. कणभर दिलं तर काय बिघडतं, असं तो एकदा म्हणाला. बायकोने नुसतं बघितलं. त्या रमजानात खजुराच्या गावात, खजुराच्या गोदामात काम करणाऱ्या शौकतने रोजा सोडायचा खजूर जिन्यात उभं राहून खाल्ला.

शिडी मोठी होत गेली. रमजानच्या शेवटी शेवटी लोज पडद्याला लटकून अर्ध्यापर्यंत जायला लागला होता. उजवा पाय जरा मागे राहायचा. पण त्याने एकदाही झेप घेतली नव्हती. अर्ध्यावर थांबायचा, खाली बघायचा आणि आल्या वाटेने उतरायचा.

ईदचा चाँद दिसला त्या संध्याकाळी अरवा आली. शरफुन्निसाने दिवसभर घर आवरलं होतं, पिशवी धुतली नव्हती. तिच्यातला वास जाऊ द्यायचा नव्हता. अरवा दारात उभी राहिली. पूर्वी ती सरळ येऊन गळ्यात पडायची, आज सलाम करून पाहुण्यासारखी सोफ्याच्या कडेला बसली. शरफुन्निसाने चहा विचारला नाही. आधी पिशवी उघडून लोजला पडद्यावर सोडलं आणि म्हणाली, "बघ. उजवा पाय अजून कच्चा आहे. जसा दिलास तसा नाही. हे माझ्यामुळे."

लोज चढायला लागला. अर्ध्यावर थांबला, नाक हलवलं, आणि मग तसाच थेट दांड्यापर्यंत गेला. अरवा उभी राहिली. सोफ्यापुढे ठेवलेल्या ताटलीतला एक खजूर तिने तोडला आणि हात वर केला.

"तआल, लोज, तआल."

शरफुन्निसा पुढे झाली आणि तिने त्या मुलीच्या बोटांतून खजूर काढून घेतला. घरमालकाच्या मुलीच्या, ईदला आलेल्या पाहुणीच्या हातातून.

"खजूर नाही," ती म्हणाली. "यानेच त्याचे पाय गेले."

अरवाने वर केलेला हात खाली घेतला. "पण मी तर त्याला रोज हेच द्यायची," ती हळूच म्हणाली. "तुमच्याकडे द्यायच्या आधी वर्षभर. गोळ्या तो खायचाच नाही, म्हणून." आणि तिचं तोंड वाकडं झालं, लहानपणी बाहुली फाटली की व्हायचं तसं. मीच केलं, खाला, आणि मनातून दोष तुम्हाला दिला, असं काहीसं ती म्हणत होती आणि रडत होती.

इतके दिवस छातीवर बसलेला धोंडा इथे दुसऱ्याच्या पदरात टाकता आला असता. शरफुन्निसाला तो मोह झाला नाही असं म्हणता येणार नाही. पण समोर रडत होती ती तिच्या मशीनपाशी वाढलेली पोर होती. "तू वर्षभर दिलास, मी त्यावर मध ओतला," ती म्हणाली. "दोघींनी मिळून केलं. आता रडू नकोस, तो घाबरेल." आणि गळ्यातली पिशवी काढून तिने अरवाच्या गळ्यात घातली.

दांड्यावर लोज पुढेमागे झाला. त्याला पिशवी दिसत होती, वास येत होता. त्याने खाली बघितलं, जसा रोज बघायचा. शरफुन्निसा अगदी हळू म्हणाली, "ऊठ." आणि तो सुटला. चारी पाय ताणून, कातडी पसरून, जरासा उजवीकडे कलत तो खोलीभर तरंगला आणि धपकन अरवाच्या छातीवर आदळला. तिथून सरपटत पिशवीत शिरला, शेपूट आत ओढून घेतलं आणि दिसेनासा झाला. शौकतने दाराकडे तोंड फिरवलं. लाइबा म्हणाली, "ओह माय गॉड," आणि आईला मिठी मारली.

मग चहा झाला. उम्म नबील वर आली, तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून ऐकून घेतलं. जायच्या वेळी अरवाने पिशवी गळ्यातून काढली. सुट्टी संपली की तिला मदिनेला परतायचंच होतं, आणि हॉस्टेलचा नियम काही बदललेला नव्हता. तिने पिशवी शरफुन्निसाच्या हातात ठेवली आणि म्हणाली की आता ही अमानत नाही. आता हा तुमचाच. मी तो तुम्हाला भेट दिला.

शौकत मान डोलावत होता. त्याला वाटलं, चला, बाईच्या मेहनतीचं चीज झालं. शरफुन्निसाने लाइबाकडे बघितलं. बारावीचा निकाल लागला की लाइबा शिकायला पनवेलला मामाकडे जाणार होती, तिचं तिकीट कधी काढायचं याची घरात रोज चर्चा होती. शरफुन्निसाने पिशवी गळ्यात घातली आणि नाडी सारखी केली.

"भेट नको," ती अरवाला म्हणाली. "अमानतच राहू दे. भेट दिलीस तर विसरून जाशील. अमानत असली की न्यायला यावं लागतं."

अरवाने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि दोघींच्या मधे पिशवीतून कर्रकर्र असा तक्रारीचा आवाज आला.